एका पत्त्यावर तीनशे घरं

मालकानं मला मारलं तेव्हा माझ्या एका हातात चहाचा ट्रे होता.

भर दुपार. ऑफिसात चौघंच. मालक, ठाण्यातनं आलेले फौजदार, एक हवालदार आणि मी. थप्पड कानाखाली बसली. ट्रे पडला. उकळता चहा माझ्या पायावर सांडला. फौजदारसाहेबांनी आधी आपली पँट सावरली. मग माझ्याकडं बघितलं.

"बाईमाणसाला आवरा जरा," ते मालकाला म्हणाले.

मी काय केलं होतं? मालकाच्या हातातला एक कागद ओढला होता. तेवढंच.

तो कागद मीच छापून दिला होता. आमच्या गावातल्या नेट घेतलेल्या घरांची यादी. आमचं गाव माण आणि आटपाडीच्या मधल्या माळावर. मालकाचा बंगला, ऊस खाली नदीकाठी. पण वायरी आमच्या माळावर. केबल त्याची, नेट त्याचं, खांब त्याचे. मी आयटीआय केलेली. तीन वर्षं त्याच्या ऑफिसात होते. फोन उचलायचे, तक्रारी लिहायचे, लाइनमन नसला की खांबावर पण चढायचे. आम्ही नदाफ. अब्बा आणि थोरला भाऊ रफिक गाद्या भरतात. आजा कापूस पिंजायचा, पणजा पण.

फौजदारांनी आणलेल्या कागदावर चार आकडे होते, मध्ये टिंबं. इंटरनेटचा पत्ता. घराला नंबर असतो तसा नेटच्या जोडणीलाही असतो. नदीकाठच्या गावातल्या एका कॉलेजच्या मुलीचे फोटो कुणीतरी बिघडवून, नागडे करून, खोट्या खात्यावर टाकले होते. ते ह्या पत्त्यावरून गेले होते. पत्ता मालकाच्या नेटचा निघाला.

"ह्या पत्त्यावर कोण राहतं?" फौजदारांनी विचारलं.

मालक हसला. "साहेब, पत्ता एक हाय. त्याच्यामागं घरं तीनशेच्या वर हायती. सगळं गावच त्याच्यावर चालतंय."

"असं कसं?"

"पत्ते कमी मिळत्यात. वाटून द्यावं लागतं."

खरं तर अशा वेळी कुठलं घर कधी कुठं जोडलं गेलं याची नोंद ठेवायची असते. मालक ठेवत नव्हता. मी दोनदा सांगितलं होतं. "तू फोन उचल," म्हणाला होता.

"मला तीनशे नावं घेऊन जाता येत नाही," फौजदार म्हणाले. "मुलीचे लोक ठाण्यासमोर बसलेत. मला आज एक नाव पाहिजे."

तेव्हा मालकानं यादी मागितली. मी छापली. चहा आणायला आत गेले. परत आले तर मालकाचं बोट कागदावरून खाली सरकत होतं. जाधव. मोहिते. पाटील. पाटील. शिंदे. बोट कुठंच थांबत नव्हतं. मग थांबलं.

"हे बघा. ह्यांच्यात एक जवान पोरगं हाय. बिनलग्नाचं."

मी वाकून बघितलं. आमचं नाव.

"मालक, हे आमचं घर हाय."

त्यानं माझ्याकडं मान वळवून बघितलं. अगदी शांत.

"म्हाईत हाय," म्हणाला.

म्हणून मी कागद ओढला. म्हणून थप्पड.

त्याला माहीत होतं. चूक नव्हती ती. तीनशे घरांत जे घर मोडलं तर कुणी विचारायला येणार नाही, ते घर त्यानं बोटानं शोधलं.

रफिकला दुकानातनं नेलं. त्याच्या तोंडात सुई धरलेली होती, दोरा लोंबत होता. मी धावत ठाण्यात गेले तोवर अम्मी तिथं पोचली होती. ठाण्याचं नाव लिहीत नाही. कुठलंही घ्या. बाकावर आम्ही दोघी. आतनं पट्ट्याचा आवाज यायचा. आधी सूं, मग सपकन. मग भाईचा आवाज. मी उठले की अम्मी माझा दंड धरून खाली बसवायची. "तू नको बोल गे. तू बोली तो उसकू और मारेंगे." मी बसले. आवाज मोजत बसले. अजून मला त्याची लाज वाटते. तिथं बसले याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या भावकीतली माणसं दोन जीपमधनं आली. विळे, काठ्या. दुकानातल्या गाद्या बाहेर ओढल्या, फाडल्या. कापूस रस्ताभर. आज्याची लाकडी पिंजण भिंतीवर टांगलेली होती, ती गुडघ्यावर ठेवून मोडली. अब्बा हात जोडून उभे. एकानं त्यांची दाढी मुठीत धरली आणि त्यांना फरफटत चौकात नेलं. नाक घासायला लावलं. डांबरावर. ज्याच्या लग्नाची गादी अब्बांनी भरली होती तो समोर पान खात उभा होता. मी मधे पडले तर काठी पाठीत बसली. पडले. उठले. परत बसली. मग कापसाला काडी लावली. कापूस भडकत नाही पटकन, धुमसतो. तो धूर आमच्या घरात कितीतरी दिवस होता. कपड्यांत, पिठात.

रफिक चौथ्या दिवशी सुटला. त्याच्या फोनमध्ये काही सापडलं नव्हतं. हाताची बोटं वांग्यासारखी सुजलेली. सुई धरता येईना. आजही दोन बोटं वळत नाहीत. कुणी म्हणालं नाही की चुकलं.

फोटो टाकणारा पुढं सापडला. खातं उघडताना वापरलेल्या मोबाइल नंबरावरून. आमच्याच गावचा. मोठ्या वाड्यातला. त्याला समजावून सोडला. त्याच्या दारात जीप आली नाही.

आणि एक दिवस त्या मुलीचाच फोन आला. मी आधी ठेवूनच देणार होते.

"ताई, ठेवू नका," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासनं म्हाईत होतं कोण हाय त्यो. कॉलेजात माझ्या मागं असायचा."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मला कुणी इचारलंच न्हाई. सगळे माझ्याच इज्जतीचं बोलत होते. मला खोलीत कोंडली होती."

ती रडत होती. मला रडू येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की निकाल लावणारे सगळे मालकाच्या ऑफिसात होते, आणि ती नव्हती. तीनशे घरं नव्हती. मी होते, पण चहाचा ट्रे धरून.

मालकाकडं मी परत गेले नाही. घरी बसले.

मला उठवलं सुभेदार काकांनी. गावातलेच, सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसच्या कामावर होते, आता रिटायर. मराठा घर, थोडी कोरडवाहू. आमच्या चौकात अब्बा नाक घासत होते तेव्हा ते पुण्याला दवाखान्यात होते. आल्यावर अब्बांच्या समोर जमिनीवर बसले. मग मला म्हणाले, "पोरी, एका पत्त्यावर तीनशे घरं का, ते इचारलंस का कवा?"

"पत्ते कमी हायती म्हणून."

"कमी हायती. पण वाटतंय कोण?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं त्या आकड्यांवर माझं पोट चाललं आणि मला वाटायचं, ते वाऱ्यासारखे कुठूनतरी येतात.

काकांनी सांगितलं. आधी तोंडी, मग संगणकावर वाचून. हे पत्ते वाटणारी संस्था आहे. जुने पत्ते जगातच संपत आलेत. ज्यांनी पहिल्यांदा हात पुढं केला त्यांना पोत्यानं मिळाले. आपण उशिरा आलो, आपल्याला चिमटीनं. नवे लांबलचक पत्ते निघालेत, ते रग्गड आहेत, पण नुसत्या त्यांच्यावर अजून भागत नाही. जुने लागतातच.

"पाण्याच्या पाळीगत हाय ह्ये," काका म्हणाले. "वरची भिजवून घेत्यात. कालव्याच्या टेलच्या गावाला चिखल. पण एक फरक हाय. हितं नियम कुणा सायबाच्या खोलीत ठरत न्हाईत. उघड्या बैठकीत ठरत्यात. कुणीबी येऊन बोलावं, असं लिवलंय."

"कुणीबी?"

"कुणीबी. नुसता माणूस पायजे."

"मग जातं कोण?"

काका हसले नाहीत. "ज्यांच्याकडं पोती हायती ती."

आम्ही दोघांनी नेट सुरू केलं. त्यांच्या गच्चीवर खांब, खांबावर डिश, चार वाड्यावस्त्या. परवाना काकांच्या धडपडीनं मिळाला. मी ठरवलं होतं, आमच्याकडं घरागणिक नोंद असेल. आणि जमेल तितक्या घरांना स्वतःचा पत्ता. उद्या कुणी कागद घेऊन आलं तर बोट फिरवायला जागाच राहू नये.

पत्त्यांसाठी अर्ज करायचा तर तेवढ्यात त्या संस्थेपुढं एक प्रस्ताव आला. उरलेले पत्ते फक्त ठराविक संख्येच्या वर गिऱ्हाइकं असणाऱ्यांना द्यावेत. लहानांनी वरच्याकडून, म्हणजे ज्याच्या लाइनवरून नेट येतं त्याच्याकडून घ्यावेत. कारण काय, तर लहान लोक पत्ते वाया घालवतात. मी ते चारदा वाचलं. आमचा वरचा कोण? माळावर दुसरी लाइनच नव्हती. मालक.

म्हणजे परत त्याच्याच पत्त्यामागं. परत त्याचं बोट.

चर्चा ईमेलवर चालायची, सगळ्यांना दिसेल अशी. मी लिहिलं. माझं इंग्रजी आयटीआयचं. तरी लिहिलं. काय झालं ते सगळं लिहिलं, भावाच्या बोटांसकट. दोन दिवस गेले. मग एकानं उत्तर दिलं. एकच ओळ. हा मंच तांत्रिक विषयांसाठी आहे, वैयक्तिक तक्रारींसाठी नाही. त्याखाली तिघांनी लिहिलं, सहमत.

ते पत्र वाचणाऱ्यांत मालकाच्या ओळखीचं कुणीतरी असणार. कारण त्या आठवड्यात दिवसाउजेडी चौघं आले. काका रानात होते. मी गच्चीवर डिशचा कोन बसवत होते. खाली खांबाच्या ताणाची तार तोडली त्यांनी. खांब हलला. मी जिन्याकडं वळेस्तोवर एक जण वर आला आणि डिश लाथाडून खाली टाकली.

"लय कागद लिवतीस म्हणं?"

मी खांब सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून उभी. त्यानं माझा डावा हात ओढून कठड्यावर दाबला आणि वरून टाच मारली. हाड मोडल्याचा आवाज मला दुखण्याच्या आधी ऐकू आला. वाळकी काटकी मोडावी तसा.

उजव्या हातानं कमरेचा पाना काढला. मी मारला. तोंडावर. लपवत नाही. दात तुटला त्याचा, रक्त माझ्या ओढणीवर उडालं. तो खाली बसला. दुसरा जिन्यात होता, त्याला मी म्हणाले, "ये. ये रं वर." तो आला नाही.

आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाला मारलं. ठाण्यातल्या त्या बाकावरनं मी त्या दिवशी उठले. त्यांनी माझ्यावर केस टाकली. आम्ही त्यांच्यावर. तारखा चालू आहेत.

बैठक त्यानंतर बारा दिवसांनी. मोठ्या शहरात, मोठ्या हॉटेलात. काका सोबत येणार होते, पण गच्ची सोडून कसं जायचं? ते पहाऱ्याला राहिले. मी एकटी गेले. हात गळ्यात, प्लास्टरमध्ये. दारावरच्या माणसानं विचारलं, "हाउसकीपिंग का? मागून जा." मी नोंदणीचा कागद दाखवला. त्यानं तो उलटा करून बघितला.

आत गार. माणसं एकमेकांना नावानं हाका मारत होती. गळ्यात हात. मी मागं बसले. शेजारी एक खुर्ची रिकामी, तिच्या पलीकडं अजून एक रिकामी.

प्रस्ताव मांडणारा चांगला बोलला. गोड बोलला. पडद्यावर आलेख. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आपल्याकडं ईमेलवर फारसा विरोध आलेला नाही. गप्प असणाऱ्यांची संमती आहे असं आपण धरतो."

मला ऐकू आलं ते असं: गप्प असणाऱ्यांची संमती. म्हणजे अब्बांची. रफिकची. खोलीत कोंडलेल्या पोरीची. आमच्या माळावरच्या सगळ्यांची. आम्ही ह्या लोकांच्या लेखी इतकी वर्षं होच म्हणत आलो होतो.

मी उठले. माइकपाशी गेले. रांगेत माझ्या पुढं कुणी नव्हतं.

"माझा विरोध आहे," मी मराठीत म्हणाले.

अध्यक्षांनी इंग्रजीत सांगितलं, कामकाज इंग्रजीत चालतं.

"तुम्हाला मराठी येतं," मी म्हणाले. "चहाच्या टेबलावर बोलत होता तुम्ही. ऐकलंय मी."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, इज देअर अ क्वेश्चन?"

"प्रश्न नाही. आक्षेप आहे. एका पत्त्यामागं तीनशे घरं ठेवली की त्यातलं कुठलं मोडायचं ते वरचा ठरवतो. आमचं मोडलं. तुमचा नियम झाला की आम्हाला कायम त्याच वरच्याच्या दारात उभं राहावं लागणार. लहान लोक पत्ते वाया घालवतात म्हणता. किती लहान लोकांना विचारलं? इथं किती बसलेत? हात वर करा."

एक हात वर आला, मागच्या कोपऱ्यातनं. एकच.

प्रस्तावाचा माणूस म्हणाला, "तुमच्या भावना आम्ही समजतो, पण..."

"भावना नाहीत ह्या. मोडलेला हात आहे. आणि तुमच्याच नियमात लिहिलंय, ठोस आक्षेप आला तर त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी वाचून आलेय. उत्तर द्या."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "आपण पुढं जाऊ या."

माइक बंद झाला. टक् असा आवाज आला. एक गार्ड आला, त्यानं माझ्या दंडाला हात घातला. मोडक्याच हाताच्या. डोळ्यांपुढं काळं झालं. मी उजव्या हातानं माइकची दांडी धरली. माझा आवाज खांबावरनं खाली ऐकू जायचा आवाज आहे. मला त्यांचा माइक लागत नाही.

"सोड!" मी म्हणाले. अख्खा हॉल थांबला. "ह्यानं मला ओढलं हेपण लिहा. माझा आक्षेप लिहा. लिहिल्याशिवाय मी इथनं हलत नाही. उचलून टाका."

गार्डनं हात काढला. तो पण कुठल्यातरी गावचा होता. त्यानं खाली बघितलं.

कामकाजाची नोंद घेणारी एक बाई होती पुढं. तिनं अध्यक्षांकडं बघितलं नाही. टाइप करायला लागली. की-बोर्डचा आवाज येत होता. पडद्यावर अक्षरं उमटली, इंग्रजीत. मी सावकाश वाचली. एक शब्द चुकला होता, तिला 'काही घरं' लिहिलेलं 'तीनशे' करायला लावलं. मग खाली बसले. पहिल्या रांगेत. तिथं एक खुर्ची रिकामी होती.

प्रस्ताव त्या दिवशी मंजूर झाला नाही. मेला पण नाही. पुन्हा चर्चेला पाठवलाय. चार शब्द बदलून परत येईल. मला बाहेर कुणीतरी पाठीवर थोपटून म्हणालं, "छान बोललात. व्हेरी मूव्हिंग." मी त्याला विचारलं, "तुम्ही हात वर केला होता का?" तो चहा घ्यायला गेला.

कोपऱ्यातनं हात वर करणारा पाटणचा निघाला. कोयनेच्या खोऱ्यात, डोंगरात नेट चालवतो. चार बैठकांना येतोय, एकदाही बोलला नाही. "धाडस न्हाई झालं," म्हणाला. मी त्याला धीर दिला नाही. मी म्हणाले, "मग तुझी संमती धरली त्यांनी. चारदा." त्याचं तोंड उतरलं. उतरू दे.

मी हे लिहितेय ते माझं दुःख कुणाला कळावं म्हणून नाही. दुःख कळून काही होत नाही, लोक थोपटतात आणि जातात. लिहितेय ते माझ्यासारख्या लहान नेटवाल्यांसाठी. पत्ते वाटायचे नियम माणसं करतात. दाराला कुलूप नाही. आपल्याला वाटतं, आहे. वाटावं अशीच सोय केलेली आहे.

पुढची बैठक लागलीय. मी आणि पाटणचा मिळून आमचा स्वतःचा प्रस्ताव टाकलाय. उरलेल्या पत्त्यांत पहिला वाटा ज्यांना आजवर एकही मिळाला नाही त्यांचा. आणि कामकाज आपल्या भाषांत. त्याच्यावर शिव्या यायला लागल्यात, सभ्य इंग्रजीत. येऊ देत. ती मुलगी, जिला कुणी विचारलं नव्हतं, ती यायचं म्हणतेय. बोलायचं म्हणतेय.

मालकानं निरोप धाडलाय. दुसरा हात शाबूत आहे अजून, असा.

आहे. त्याच हातानं हे लिहिलं. तोही मोडला तर तोंडानं सांगेन. मी गप्प आहे असं आता कुणी कुठं लिहून दाखवावं.